पट्टीवरून चालताना

जून संपत आला की इथे रात्र येतच नाही,
फक्त डास येतात.
दलदलीवरून, तळ्यावरून, रेनडियरांच्या पाठीवरून,
आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून बसतात
वसुलीला आल्यासारखे.

मी तेव्हा तळघरात असते, ओउलूच्या पार टोकाला,
जिथे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार
आम्हीच पाडतो, उंदरांसाठी.
सबंध गावात रात्र तेवढी त्यांनाच मिळते.

काम सांगायला सोपं.
एक लाकडी पट्टी, मीटरभर लांब, दोन बोटं रुंद.
या टोकाला उंदीर, त्या टोकाला त्याचं काळोखं खोकं.
मधे मागचा पाय कितीदा घसरला ते मोजायचं.
मग शेपटीला धरून मागे ओढायचं, हळू,
पुढच्या पंजांनी दांडी किती घट्ट धरली
ते काट्यावर वाचायचं.
मग टाळी. दचकला? लिही.

नवं डासांचं औषध सकाळी त्यांच्या कातडीला
दुसरंच कुणी चोळतं.
कुणाला औषध, कुणाला नुसतं स्पिरिट,
हे मला कळू देत नाहीत.
माहीत असलं की डोळा लबाडी करतो,
असं आमची प्रमुख तुइया लेहतोवारा म्हणते,
मान खाजवत.

तिसऱ्या आठवड्यात एकतीस नंबर
पट्टीच्या मध्यावर थांबला.
मागचा उजवा पाय हवेत धरून,
विसरलेलं नाव आठवत असल्यासारखा.
मग घसरला. चारदा.
मी वहीत चार लिहिलं
आणि मनात शिक्का मारला: हाच तो. यालाच चोळलंय.

घरी आले आणि आमची दुकानातली बाटली
वरच्या फळीवर ठेवली, पिठाच्या डब्यामागे.
तिच्यातलं औषध वेगळं, तिची परीक्षा कधीच होऊन गेलेली,
हे मला माहीत होतं.
माहीत असणं आणि हात, दोन वेगळ्या गोष्टी.
माझे वडील ताव्हेत्ती पाइनचं डांबर फासून
गवत कापायला जायचे, काळेकुट्ट,
सौनाशिवाय निघायचं नाही.
मी वेन्नीला तेच लावलं. नऊ वर्षांचा, हसत सुटला.
संध्याकाळी आला तेव्हा एक डोळा सुजून मिटलेला,
मानेवर मी एकोणचाळीस मोजले.
मोजणं तेवढं मला येतं.

गुरुवारी पाकीट फोडलं.
एकतीस: नुसतं स्पिरिट.
नख तुटलं होतं त्याचं, पिंजऱ्याच्या दारात अडकून,
आणि मी ते पाहिलंच नव्हतं
कारण मी मेंदू पाहत होते.
सर्वांत मोठा डोस होता बाराला,
जो रोज सरळ चालत गेला,
ज्याचं मला काहीच आठवत नाही.

तुइयाने ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं,
मग पेन थांबवून ‘या चाचणीत’ हे दोन शब्द आधी घुसडले.
मेंदूचे काप अजून काचेवर चढायचे होते.
त्याच्यासाठी शुक्रवार ठरलेला होता.
बत्तीसच्या बत्तीस.
त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

जुलैअखेर आम्ही हिल्ला वेचायला गेलो.
बाटली काढली, आधी माझ्या तळव्यावर घेतलं,
मग त्याच्या मानेवर, कानामागे,
डोळ्यांपासून दूर, बोटांना नाही, बोटं तोंडात जातात.
रात्री साबणाने धुवायचं. हो आई. दोनदा. हो आई.

दलदलीत दोन फळ्या टाकलेल्या असतात,
शेजारी शेजारी, मैलभर, खाली काळं पाणी.
वेन्नी पुढे, बादली हलवत.
डास त्याच्या भोवती, पण वीतभर लांब,
आत यायचं की नाही ठरत नसल्यासारखे.

मधेच तो थांबला.
एक पाय हवेत.
माझा अंगठा खिशात आपोआप
नसलेल्या यंत्राच्या बटणावर गेला.

‘आई, बेडूक,’ तो म्हणाला,
आणि पाय टाकला. घसरला. एकदा.